सोन्याचा घुमट आणि बियाण्याच्या पुड्या



सहल म्हटली की आपल्या वऱ्हाडच्या माणसापुढं चिखलदरा येतो, शेगाव येतं, नाहीतर लोणारचं सरोवर येतं. एस.टी.ची गाडी, पन्नास पोरं, दोन मास्तर, फडक्यात बांधलेल्या पोळ्या आणि ठेचा. आज मात्र मी तुम्हांला जरा लांब नेणार आहे. रशियात सेंट पीटर्सबर्ग नावाचं शहर आहे. जुन्या मंडळींना ते लेनिनग्राड म्हणून ठाऊक असेल. तिथं समुद्रावरून जायचं, एका दिवसात शहर पाहायचं आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर परतायचं, अशी ही सहल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि पश्चिमेकडच्या मोठ्या जहाज कंपन्यांनी हे बंदर आपल्या फेऱ्यांतून काढून टाकलं. तेव्हा मी सांगतो आहे ती त्याआधीच्या वर्षांची रीत.

बाल्टिक समुद्रात उन्हाळ्याच्या दिवसांत सहलीची जहाजं फिरत. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी आणि मग हे शहर. एका जहाजात दोन-तीन हजार माणसं, म्हणजे आपल्याकडचं एक बऱ्यापैकी गावच म्हणा ना! सकाळी जहाज धक्क्याला लागलं की हे सारं गाव एकदम खाली उतरे. रशियात जायला एरवी परवाना लागतो, व्हिसा लागतो. पण जहाजानं आलेल्या प्रवाशाला 72 तासांपर्यंत त्यातून सूट होती. अट एकच, की सहलीचं तिकीट हवं आणि गाइडच्या सोबतीनंच फिरायला हवं. हातात नुसतं पारपत्र घेऊन "मी आपला एकटाच जरा बाजार पाहून येतो" म्हणाल, तर धक्क्यावरचा शिपाई परत पाठवी. दाव्याला बांधलेल्या वासरासारखं ते फिरणं. दावं लांब असलं तरी दावंच.

प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबराची चिठ्ठी, कानात बोलणं ऐकू येण्याचं यंत्र आणि पुढं हातात पाटी उंच धरून चालणारा गाइड. हे गाइड बहुधा शिकलेसवरलेले, पुष्कळदा त्याच शहरात वाढलेले असत. त्यांची चेष्टा करण्याचं कारण नाही. दोनशे माणसांच्या गर्दीतून आपली चाळीस माणसं वेगळी काढायची, त्यांना तीनशे वर्षांचा इतिहास सांगायचा आणि घड्याळही सांभाळायचं, हे काम किती अवघड आहे ते पोरांची सहल नेलेल्या कुठल्याही मास्तरांना विचारावं. आपले अण्णा भाऊ साठे 1961 साली रशियाला गेले होते. त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. तेही पाहुणे म्हणून, यजमान दाखवतील ते पाहत हिंडले. परक्या मुलखात भाषा येत नसली की दुसऱ्याच्या डोळ्यांनीच पाहावं लागतं. प्रश्न इतकाच, की त्यातही आपले डोळे किती उघडे ठेवायचे.

तर चला बसमध्ये.

हे शहर पीटर नावाच्या झारनं 1703 साली नेवा नदीच्या मुखाशी, दलदलीत वसवायला घेतलं. पहिला मुक्काम हर्मिटेज, म्हणजे झारचा हिवाळी राजवाडा आणि त्याला लागून असलेलं संग्रहालय. तीस लाखांवर वस्तू तिथं आहेत. सगळ्याच मांडलेल्या नाहीत म्हणा. पण समजा मांडल्या, आणि एकेका वस्तूपुढं एकच मिनिट उभं राहून रोज आठ तास पाहत गेलो, तर सतरा वर्षं लागतील. हिशेब मुलांकडून करून घ्या हवा तर. सहलीच्या वाट्याला मात्र दोन-अडीच तासच येत. गाइड चालत असे, आणि माणसं चित्रांपेक्षा पुढच्याच्या पाठीकडंच जास्त बघत.

त्या राजवाड्याच्या तळघरात मांजरं पाळलेली आहेत. 1745 साली एलिझाबेथ राणीनं हुकूम काढला, की कझान गावाहून चांगली उंदीर मारणारी मांजरं धाडा. ज्याच्या घरी पोती भरलेली आहेत त्याला ही गोष्ट सोन्याच्या सिंहासनापेक्षा लवकर समजेल. उंदीर राजाचंही खातो आणि रयतेचंही.

दुसरा मुक्काम शहराबाहेर पीटरहॉफला. तिथली कारंजी नामी आहेत. सिंहाचा जबडा फाडणारा एक सोनेरी पुतळा, आणि त्या जबड्यातून वीस मीटर उंच उडणारी पाण्याची धार. पण खरं नवल निराळंच आहे. या कारंज्यांना पंप नाही! वीसेक किलोमीटरवरच्या उंच जागी झरे आहेत, तिथून पाणी कालव्यानं उतरत उतरत येतं आणि आपल्याच जोरानं उसळतं. ज्यांनी छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची पाणचक्की पाहिली आहे, त्यांना ही विद्या परकी वाटायची नाही.

मग रक्तावरचं चर्च. 1881 साली जिथं दुसऱ्या अलेक्झांडर झारवर बॉम्ब पडला तिथं बांधलेलं, आत भिंतीभर रंगीत काचखड्यांची चित्रं. दुसऱ्या महायुद्धात त्यात मुडदे ठेवले, पुढं भाजीपाला आणि बटाटे साठवले. लोक त्याला थट्टेनं बटाट्यांवरचं चर्च म्हणू लागले.

आणि मग बस येऊन थांबे सेंट आयझॅकच्या चौकात. इथं आपण जरा बसून घेऊ, कारण मला जे सांगायचं आहे ते इथंच आहे.

एका बाजूला सेंट आयझॅकचं प्रचंड मंदिर. 1818 ते 1858, चाळीस वर्षं बांधकाम चाललं. उंची 101 मीटरांच्या वर. जमीन भुसभुशीत, म्हणून पायात दहा हजारांहून अधिक लाकडी खुंट ठोकले. घुमटावर सोन्याचा मुलामा, सुमारे शंभर किलो सोनं त्यात गेलं. चौकात निकोलस झारचा पुतळा, त्याचा घोडा मागच्या दोनच पायांवर उभा. गाइड घोड्याकडं बोट दाखवी, तोल कसा साधला ते सांगे. चाळीस माणसं घोड्याचे फोटो काढत. पंधरा मिनिटं होत, बस निघे.

त्या घोड्याच्या दोन अंगांना समोरासमोर दोन सारख्या इमारती आहेत. सरकारी कचेऱ्या असाव्यात असं कुणालाही वाटेल. ती पिकांच्या वाणांची संस्था आहे, तिला आज निकोलाय वाविलोव्ह यांचं नाव आहे. आत कपाटांतून, डब्यांतून, पुड्यांतून जगभरातलं बियाणं ठेवलेलं आहे. आज तीन लाखांहून अधिक नमुने आहेत.

वाविलोव्ह हे 1887 साली जन्मलेले शास्त्रज्ञ. अफगाणिस्तान, इथिओपिया, दक्षिण अमेरिका असे मुलूख त्यांनी पालथे घातले. जाईल तिथं शेतकऱ्याच्या खळ्यात बसायचं आणि त्याच्याकडचं मूठभर बी मागून घ्यायचं. प्रत्येक पीक पहिल्यानं कुठं माणसाळलं, हे त्यांनी शोधायला घेतलं. अशा मूळ मुलखांत त्यांनी हिंदुस्थानचीही गणना केली. तूर, मूग, उडीद, वांगं, काकडी, आंबा आणि आपली देशी कपाशी ही इथलीच लेकरं, असं त्यांचं म्हणणं. पण राज्यकर्त्यांना दुसरंच शास्त्र सोयीचं वाटलं. ऑगस्ट 1940 मध्ये वनस्पती गोळा करायला गेले असतानाच त्यांना पकडलं. जानेवारी 1943 मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात हा माणूस उपासमारीनं गेला. 1955 साली सरकारनं त्यांना निर्दोष ठरवलं.

इकडं त्यांच्या शहराची काय गत? 8 सप्टेंबर 1941 रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राडचे रस्ते तोडले. तो वेढा 27 जानेवारी 1944 ला उठला. 872 दिवस! त्या पहिल्या हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरात, कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला 250 ग्रॅम पाव मिळे, आणि बाकीच्यांना, पोरांनासुद्धा, 125 ग्रॅम. त्यातही भेसळ. आपल्या एका भाकरीचं पीठ जोखून पाहा, म्हणजे कळेल. कमीत कमी सहा लाख नागरिक गेले. काही अभ्यासक दहा लाख म्हणतात. सोनेरी घुमट शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून करडा रंगवला होता, आणि 1942 च्या उन्हाळ्यात याच चौकात, देवळासमोर, कोबीचे वाफे केले होते. त्याचे फोटो आहेत.

आता विचार करा. बाहेर माणसं मरताहेत, आणि चौकातल्या इमारतीत गहू आहे, तांदूळ आहे, ओट आहे, भुईमूग आहे, वाटाणा आहे. किल्ली संस्थेतल्या माणसांच्याच हातात. तीही सगळी उपाशी. शहरातली मांजरं संपलेली, उंदीर माजलेले. मंडळी पाळीपाळीनं रात्रंदिवस डब्यांवर पहारा करीत. बटाट्याचे वाण थंडीनं गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळून तळघर ऊबदार ठेवीत. अलेक्झांडर श्चुकिन हे भुईमुगाचे जाणकार, ते लिहिण्याच्या टेबलापाशीच गेले. दिमित्री इव्हानोव्ह तांदळाचे. ते भुकेनं गेले तेव्हा भोवती तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. लिलिया रोदिना ओटाच्या. त्याही गेल्या. बियाणं राहिलं.

कुणी म्हणेल, हा अट्टहास कशासाठी? दोन पोती धान्य वाटलं असतं तर चार जीव वाचले असते. हा प्रश्न खोटा नाही, आणि मला त्याचं सोपं उत्तर देता यायचं नाही. पण तो शेतकऱ्याला नवाही नाही. 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळात वऱ्हाडही होरपळलं. अशा वर्षी घराघरांत हाच पेच पडतो. पेव रिकामं, कणगी रिकामी, आढ्याला टांगलेली ज्वारीची बियाण्याची कणसं तेवढी शिल्लक. ती आज कांडली तर आज पोट भरेल. मिरगाला काय पेरायचं? त्या कणसांकडं बघत उपाशी झोपलेल्या बाया आपल्याही घराण्यांत असतील. त्यांची नावं मात्र कुठं लिहिलेली नाहीत.

राजेहो, तेव्हा ते बी आपलं होतं. आजची गोष्ट जरा वेगळी आहे. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत आपल्या शिवारात तिची संकरित वाणंच सगळीकडं झाली. संकरित वाणाचं बी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर साली पाकीट विकत आणायचं. बोंडअळीला आळा बसला, उत्पन्न वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढं गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली, हेही तितकंच खरं. पण जी देशी कपाशी या मातीत पिढ्यान् पिढ्या पिकली, तिचं बी आज किती घरांत सापडेल? उद्या नव्या रोगाला तोंड देणारा गुण हवा झाला, तर शास्त्रज्ञाला तो पुष्कळदा जुन्या वाणांतूनच शोधावा लागतो. श्चुकिन आणि इव्हानोव्ह ज्याच्यासाठी उपाशी राहिले ते हेच.

सहलीच्या गाइडनं हे सगळं का सांगू नये? सांगत नसत असंही नाही. वेढ्यातल्या मृतांची पिस्कार्योव्हस्कोये नावाची दफनभूमी आहे, सुमारे पाच लाख माणसं तिथं पुरलेली आहेत. काही सहली तिथं जात. पण बियाण्याच्या पुडीचा फोटो चांगला निघत नाही. शिवाय दिवस मावळायच्या आत लाकडी बाहुल्यांच्या दुकानातही जायचं असे. बाहुलीत बाहुली, तिच्यात आणखी बाहुली. ते दुकान सहसा चुकत नसे. गाइडला एकच प्रश्न विचारला असता, "बाई, ही घोड्याच्या बाजूची इमारत कशाची?" तर बहुतेक उत्तर मिळालं असतं.

शिक्षक बंधुभगिनींनो, रशिया लांब आहे. अकोला लांब नाही. तिथं पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ 1969 साली सुरू झालं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव 1952 ते 1962 या काळात देशाचे कृषिमंत्री होते. विद्यापीठ शेतकऱ्यांसाठी शिवार फेरी भरवतं, म्हणजे गाइडसकट सहलच ती. वावरावावरांतून हिंडवतात, उभी पिकं दाखवतात. पिकांचे वाण जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं एक केंद्रही अकोल्यात आहे. आधी पत्र धाडून परवानगी विचारावी, आणि मुलांना घोड्याचा पुतळा असतो तिथंच थांबवू नये. "इथं बी कुठं ठेवता? किती वर्षं टिकतं? उंदराचं काय करता?" हे प्रश्न मुलांनी विचारू द्यावेत.

आणि निघण्याआधी आठवडाभर एक काम द्यावं. प्रत्येकानं घरी आजीला विचारायचं, की विकत न आणता घरच्या घरी ठेवलेलं कोणतं बी आपल्याकडं अजून आहे? चवळी असेल, वाल असेल, दोडका असेल, परसातल्या वांग्याचं असेल. राखेत घातलंय की कडुनिंबाच्या पाल्यात, आणि आजीला ते कुणी दिलं होतं, तेही विचारायचं. चिमूटभर बी कागदाच्या पुडीत बांधून वर नाव, गाव आणि साल लिहून आणायचं.