वाडीचे सरकते फाटक : आधी रूळ, मग मोटर
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आज पीक नाही, खत नाही. आज वाडीच्या फाटकाविषयी बोलू. गास, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात गल्ल्या अरुंद. दोन झडपांचे फाटक बाहेर उघडले तर रस्ता अडतो, आत उघडले तर टेम्पोला जागा उरत नाही. म्हणून कुंपणालगत सरकणारे लोखंडी फाटक बरे पडते. पहाटे फुलं-भाजी घेऊन निघताना ते ढकलायला उतरावे लागू नये, यासाठी मोटर बसवावी काय, असे पुष्कळ जण विचारतात. बसवावी, पण आधी फाटकाकडे बघा.

जे फाटक हाताने सरकत नाही, ते मोटरनेही नीट सरकत नाही. एका हाताने ढकलून पाहा. मध्येच अडते काय? आपोआप उताराकडे धावते काय? तसे असेल तर रूळ पाणसळीत घ्या, झिजलेली चाके बदला. रुळावर ग्रीस लावू नका; त्याला वाळू चिकटते. रोज केरसुणी फिरवली, म्हणजे झालं. जागाही मोजा. 13 फुटांच्या फाटकाला बाजूला तेवढीच मोकळी लांबी लागते.

आता निवड. विहिरीवरच्या पंपाचा हिशेब हॉर्सपॉवरचा; इथला हिशेब फाटकाच्या वजनाचा. 1.6 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा एका चौरस फुटाला सुमारे 1.17 किलो भरतो. 13 फूट लांब, 6 फूट उंच फाटकाचा नुसता पत्रा 91 किलो झाला. चौकट व पाइप किती किलोचे, ते फाटक बनविणाऱ्याकडून लिहून घ्या. समजा एकूण 200 किलो झाले, तर त्याच्या दीडपट, म्हणजे निदान 300 किलो ओढणारी मोटर घ्यावी. फार मोठीही नको. अडलेले फाटकसुद्धा ती रेटत नेते, आणि मध्ये माणूस असला तर त्यालाही.

आपल्याकडे वीज जाते. 2021 च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ आठवा. म्हणून बॅटरीवरही चालणारी 24 व्होल्टची मोटर सोयीची. शिवाय प्रत्येक चांगल्या मोटरीला ती हाताने सोडविण्याची चावी असते. ती चावी घरात सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीवर टांगा. रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे आणि फाटक बंद, अशी वेळ येऊ देऊ नका. घरातल्या बायामाणसांनी, म्हाताऱ्यांनीही ती चावी एकदा फिरवून पाहावी.

मोटर काँक्रीटच्या ओट्यावर बसवावी. 2018 च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी साचले, तेव्हा आपल्या फाटकाशी ते कुठवर चढले होते? ओटा त्याच्या वर घ्या. दातेरी पट्टीही तितकीच वर बसवावी लागते, तेव्हा हे आधीच ठरवा. पट्टी आणि मोटरचे दातेरी चाक यांत 1 ते 2 मिलिमीटर फट ठेवा. नाहीतर फाटकाचे वजन मोटरवर येऊन दाते झिजतात. खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजते, म्हणून पट्टी व बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. वायरच्या पाइपांची तोंडे बुजवा. मुंग्या आणि पाली आत शिरून बिघाड करतात. वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून नको, घरच्या मीटरवरून घ्या. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा गळती-स्विच परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. पोरे फाटकावर लोंबकळतात, बंद होताना मधून पळतात. रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडसर आणि वर आधाराचे रोलर हवेतच. ते नसले, तर मोटर सोडवून ढकललेले फाटक रुळाबाहेर निघून अंगावर कोसळते. गुडघ्याच्या उंचीवर किरणांचा डोळा बसवा. मध्ये कोणी आले की फाटक उलटे फिरते. खर्च वाचवायला हा डोळा गाळू नका. मोटर बसविणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी त्याच्यासमोर केळीचे एक खोड वाटेत उभे करून फाटक बंद करून बघा. मग डोळा झाकून, म्हणजे त्याची वायर सोडवून नव्हे तर खोड त्याच्या किरणाखाली आडवे ठेवून, पुन्हा बघा. खोडाला लागताच फाटक थांबून मागे गेले पाहिजे. खोड चेंगरले, तर मोटरचा जोर कमी करून घ्या. केळीच्या खोडाचे जे होईल, तेच पोराच्या पायाचे होईल.

लक्षात ठेवा :
1. फाटक एका हाताने सरकले पाहिजे.
2. मोटर वजनाच्या दीडपट.
3. ओटा पुराच्या पाण्याच्या वर.
4. चावी सर्वांना ठाऊक.
5. केळीच्या खोडाची परीक्षा दर महिन्याला.