आपल्या शहराचा माइक



देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या हद्दीत पाच रेडिओ केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि आपले औरंगाबाद. पुण्याला तेव्हा केंद्र नव्हते, नागपूरलाही नव्हते. निजामी अंमलातल्या या शहरात मात्र माइक होता! निजामाचे संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर 1950 मध्ये हे केंद्र ऑल इंडिया रेडिओकडे गेले. 2 ऑक्टोबर 1953 रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी आपले बंद करण्यात आले.

मग आपण मुंबई-पुणे ऐकू लागलो, तेही दिवेलागणीनंतर. त्याला कारण आहे. दिवसा वातावरणाचा एक थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो; सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावरून परतून दूरवर पोचतात. म्हणून संध्याकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ तापायच्या आधीच घरातली आणि शेजारची मंडळी त्याच्याभोवती येऊन बसत.

मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेत नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे पंत आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी बोलू लागले की घर हसू लागे. ही विद्या फार अवघड. चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत, समोर दाद द्यायला प्रेक्षक नाही. कागदाची सळसळ होऊ न देता वाचायचे आणि नेमके कुठे थांबायचे ते ओळखायचे. विनोद त्या थांबण्यातच असतो. 1955 च्या एप्रिलपासून पुण्याहून दर आठवड्याला ‘गीतरामायण’ येऊ लागले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, एकूण 56 गीते. या साऱ्याला ‘हलकीफुलकी करमणूक’ म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. बोलकी, नेटकी मराठी आपल्या घरांत या संध्याकाळींनी आणली.

पण आपले नुकसानही झाले, आणि ते मला फार मोठे वाटते. गाणे कुठूनही आले तरी आपले होते. विनोदाचे तसे नाही. तो बोलीवर जगतो. आपल्या गुलमंडीच्या बाजारातल्या बोलण्यात मराठीच्या अंगाला दखनी उर्दूचा जो लहेजा येतो, तो मुंबईच्या पंतांकडे कुठून येणार? आपण दुसऱ्यांच्या घरातले संवाद ऐकून मनापासून हसलो. पण आपल्याच घरातली थट्टा, आपले मामू आणि आपल्या काकू हवेवर जाव्यात, असा माइक गावात उरला नाही. पुढे परभणीला केंद्र झाले, आपल्याकडेही आकाशवाणी पुन्हा आली. मधली वर्षे मात्र भरून निघाली नाहीत.

आपल्या पहिल्या केंद्राचे तेव्हाचे बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ध्वनिमुद्रणे सापडण्याची आशा थोडीच. कागद मात्र असू शकतात. आपल्या घरी जुन्या श्रुतिकेची संहिता, कलाकाराशी केलेला करार, स्टुडिओतला फोटो असेल तर रद्दीत घालू नका, एखाद्या ग्रंथालयाला द्या. आणि घरात 1953 पूर्वीचे आपले केंद्र ऐकलेले कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी याच आठवड्यात मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.