बाळासाहेब खेर आणि ठाण्यातील आदिवासी

(कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



आदिवासींसाठी काम केलेल्या एखाद्या राजकीय नेत्याविषयी बोला, असे मला सांगण्यात आले. अशा भाषणांचा एक ठरलेला साचा असतो. जन्म, शिक्षण, तुरुंगवास, पदे, आणि शेवटी दोन हात जोडून वंदन. मी बाळासाहेब खेरांचे नाव निवडले आहे, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी काही गोष्टी बोलणार आहे त्या कदाचित सर्वांना रुचणार नाहीत.

मुंबईत वांद्र्याला खेरवाडी आहे, ती ज्यांच्या नावाची ते हे खेर. जन्म रत्नागिरीचा, 24 ऑगस्ट 1888. विल्सन कॉलेजातून 1908 मध्ये बी.ए., मग कायद्याचा अभ्यास, आणि 1918 पासून सॉलिसिटर. मणिलाल खेर ही त्यांची पेढी चांगली चालत होती. म्हणजे घरदार सांभाळून सुखाने जगता आले असते. पण 1922 च्या सुमारास ते स्वराज्य पक्षाच्या कामात आले, 1930 मध्ये आणि 1932 मध्ये तुरुंगात गेले, आणि 1937 च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. त्या वेळी प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. खरे तर सगळ्यांना वाटत होते की ती जागा नरिमन यांना मिळेल. त्यावरून मोठा वाद झाला, चौकशी झाली. तो विषय आज आपला नाही.

आपला विषय ठाणे जिल्ह्याचा आहे. तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे आजचा पालघरही त्यातच. डहाणू, मोखाडा, शहापूर, आणि आता गुजरातेत गेलेले उंबरगाव. 1935 च्या कायद्याने या भागाला अंशतः वगळलेले क्षेत्र ठरवले होते. तिथे लोकनियुक्त सरकारचा हात गव्हर्नरच्या परवानगीशिवाय पुरता चालत नसे. तरी खेरांच्या सरकारने एक काम केले. डी. सिमिंग्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याला ठाणे, नाशिक, खानदेश अशा भागांतील आदिवासींची स्थिती पाहायला पाठवले. त्यांचा अहवाल 1939 चा. सरकारी अहवाल बहुधा गुळमुळीत असतात. हा तसा नाही. जमीनदाराने हाक मारली की कुळाने स्वतःचे शेत टाकून वेठीला जायचे, नाही गेले तर मार खायचा. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी माणूस वर्षानुवर्षे, कधी जन्मभर धन्याचा बांधील. त्याला लग्नगडी म्हणत. बायकांची अब्रू सुरक्षित नाही. हे सगळे एका इंग्रज अधिकाऱ्याने सरकारी कागदावर लिहिले, आणि लिहायला सांगणारा माणूस खेर होता.

पण त्या अहवालावर काही ठोस होण्याआधीच नोव्हेंबर 1939 मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी युद्धाच्या प्रश्नावर राजीनामे दिले. इथे खेरांचा मोठेपणा दिसतो. सत्ता गेल्यावर माणसे आराम करतात किंवा पुन्हा वकिलीला लागतात. खेरांनी 1940 मध्ये ठाणे जिल्ह्यासाठी आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. शाळा, वसतिगृहे, औषधपाणी. बोर्डीचे आचार्य भिसे यांच्यासारखी माणसे या कामात आयुष्यभर राहिली. त्याच बोर्डीला 1945 मध्ये ताराबाई मोडक आल्या, मागोमाग अनुताई वाघ, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडीचा जो प्रयोग झाला तो तुम्हा शिक्षिकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज आपण वसतिगृह चालवतो, आरोग्यसेविका नेमतो, धान्य वाटतो, त्या सगळ्या रचनेचा एक पूर्वज त्या मंडळात आहे.

आता दुसरी बाजू.

त्याच 1945 मध्ये, त्याच डोंगरात, आणखी दोन माणसे आली. शामराव आणि गोदावरी परुळेकर. दोघेही आधी भारत सेवक समाजाचे. गोदावरीबाई तर तिथल्या पहिल्या महिला आजीव सदस्य. म्हणजे सेवेच्याच घरातून निघालेली माणसे. शामराव 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले होते, आणि जानेवारी 1938 मध्ये खोतीविरुद्ध कोकणातले शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले तेव्हा खेरांनाच निवेदन द्यायचे होते. तेव्हा ही ओळख जुनी.

मे 1945 मध्ये उंबरगाव तालुक्यातल्या झरीला वारल्यांची परिषद भरली. तिथे ठरले की वेठ करायची नाही. एवढेच. कोणाची जमीन घ्यायची नाही, कोणाचे घर जाळायचे नाही, फुकट राबायचे नाही. आणि गंमत पाहा, काही महिन्यांत वेठ मोडली. जी गोष्ट सिमिंग्टनने लिहिली, खेरांनी वाचली, आणि शाळा-दवाखान्यांनी हलली नाही, ती लोकांनी नाही म्हटल्याबरोबर हलली.

पुढे मजुरीचा प्रश्न आला. डहाणूकडचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचे. ते कापायला 500 पौंडांमागे अडीच रुपये मिळावेत, ही मागणी. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंवर जमीनदार हल्ला करणार अशी अफवा उठवली गेली होती म्हणून हजारो वारली काठ्या घेऊन तिथे जमले होते. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. तेव्हा खेर सत्तेवर नव्हते, गव्हर्नरची राजवट होती. हे न्यायाने सांगितले पाहिजे.

पण मार्च 1946 अखेर खेर पुन्हा पंतप्रधान झाले. गृहखाते मोरारजी देसाईंकडे. त्या वर्षी वारल्यांनी जंगलकामाचा संप केला, दिवसाला सव्वा रुपया मजुरी मागितली. सरकारने काय केले? नोव्हेंबरमध्ये परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. जानेवारी 1947 मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. पुन्हा पाच माणसे गेली. या वेळी सरकार परके नव्हते. प्रमुख होते आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक.

मी हे गोदावरीबाईंच्या बाजूने किंवा लाल झेंड्याच्या बाजूने बोलत नाही. त्यांचे पुस्तक, ‘जेव्हा माणूस जागा होतो’, आपल्या ग्रंथालयात आहे, ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावे. मला प्रश्न खेरांविषयी पडतो. हा माणूस ढोंगी नव्हता. वारल्यांचे दुःख त्यांना खरोखर माहीत होते, बहुधा त्या विधिमंडळातल्या कोणाही काँग्रेसवाल्यापेक्षा जास्त. मग संप झाला तेव्हा त्यांच्या सरकारला तो फक्त कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न का दिसला? माझा समज असा की त्यांच्या मनात आदिवासी हा ज्याच्यासाठी काही करायचे असा माणूस होता. तो स्वतः येऊन अमुक द्या म्हणाला की त्याला कोणीतरी भडकवले आहे, असेच वाटायचे. आणि भडकवणारा हद्दपार केला की झाले.

दारूबंदीचे तसेच. हेतू चांगला, गांधीजींच्या विचारातला. पण 1949 चा कायदा आला तेव्हा देवाला वाहायला म्हणून मोहाची दारू काढणारी म्हातारीही त्यात गुन्हेगार ठरली, आणि जंगलखात्याच्या शिपायाबरोबर पाड्यावर आता दारूबंदीचा शिपाईही यायला लागला. ज्याला दोन कोंबड्या द्यायच्या त्याला चार द्यायची वेळ आली.

तरी खेरांच्या खात्यावर एक मोठी गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1947 पासून त्यांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्था सुरू केल्या. तोवर कूप तोडायचा ठेका ठेकेदाराला जायचा, तो पाड्यावरून मजूर आणायचा आणि मजुरीत खायचा. आता कूप तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यायचा, ठेकेदार मधून काढायचा. सेवाभावी संस्थांनी मागे उभे राहून हिशेब शिकवायचा. 1948 मध्ये कूळकायदाही आला. गोळीबारानंतर दोन वर्षांच्या आतच हे घडले. सरकार कबूल करणार नाही, पण नानिवलीच्या मेलेल्या माणसांचा या कागदांवर हात आहे असे मला नेहमी वाटते.

त्या सोसायट्यांचे पुढे काय झाले, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. काही फार चांगल्या चालल्या. अनेक ठिकाणी मात्र अध्यक्ष आदिवासी, सही त्याची, अंगठा त्याचा, आणि दप्तराची किल्ली दुसऱ्याच कोणाच्या खिशात. हिशेब शिकवायचा राहून गेला, किंवा शिकवणाऱ्यालाच तो हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

खेर 1952 पर्यंत मुख्यमंत्री होते. नंतर लंडनला उच्चायुक्त, मग राजभाषा आयोगाचे अध्यक्ष. 8 मार्च 1957 रोजी गेले. पद्मविभूषण मिळाले होते. सज्जन म्हणून लोक आजही त्यांचे नाव घेतात आणि ते बरोबरच आहे.

हे सगळे मी आजच्या मेळाव्यात का सांगते आहे, ते विश्वस्त मंडळींच्या लक्षात आले असेल. आपल्या चार पाड्यांच्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचा दावा करायचे ठरवले आहे. बायकांनी आपल्याकडे मदत मागितली आहे. पैसे नकोत, धान्य नको. नकाशा वाचून दाखवा, जुने कागद शोधायला तालुक्याला बरोबर चला, दावा फेटाळला तर अपील लिहायला शिकवा. 2006 च्या कायद्यात पुराव्याचे किमान दोन प्रकार द्यावे लागतात, आणि अपिलाला 60 दिवसांची मुदत असते. साठ दिवस म्हणजे लावणीच्या हंगामात कधी गेले ते कळत पण नाही.

आपल्या काही हितचिंतकांनी पत्र पाठवले आहे की मिशनने यात पडू नये, देणगीदार नाराज होतील, वनखात्याशी असलेले संबंध बिघडतील. त्यांची काळजी खरी आहे. वसतिगृहाच्या मुलींचे जेवण देणगीवर चालते आणि गेल्या पावसात रस्ता वाहून गेला तेव्हा वनखात्याच्याच गाडीने आपला औषधांचा साठा वर नेला, हे मी विसरलेली नाही. पण त्याच बायका दहा वर्षे आपल्या शिवणवर्गाला येत होत्या तेव्हा आपण त्यांचे फोटो छापले. आता त्या नकाशा मागतात तर आपण म्हणायचे का, की हे तुम्हाला कोणी शिकवले?

कार्यकारिणीपुढे ठराव आहे की दोन कार्यकर्त्यांना सहा महिने या कामासाठी मोकळे करावे, आणि दाव्याची फाइल, नकाशाची मूळ प्रत व किल्ली ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडेच राहावी, आपल्या कार्यालयात नको. मी ठरावाच्या बाजूने मत देणार आहे. ज्यांना विरोधात बोलायचे आहे त्यांनी जेवणानंतर अवश्य बोलावे. मात्र ती पत्रे आणि हा ठराव दोन्ही पाड्यांवरच्या बहिणींसमोर मोठ्याने वाचून मग बोलावे. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना पुढे जागा करून द्या.