फाटक नसलेले दोन तालुके

आजचा विषय रेल्वेचं फाटक आणि त्याची केबिन. तुम्ही म्हणाल, जुन्नर-आंबेगावात बसून फाटकाच्या गप्पा? बरोबर आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, पुढच्या दहा वर्षांत बोरघाटातून मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं. पण आपल्या दोन तालुक्यांत आजही एक रूळ नाही. आपल्यापैकी कित्येकांनी पहिली आगगाडी पाहिली ती माळशेज उतरून, कल्याणला.

तरी ही केबिन समजून घ्यायला हवी. जुन्या केबिनीत वरच्या मजल्यावर लोखंडी दांड्यांची रांग असायची. लाल दांडा सिग्नलचा, काळा सांध्याचा. आणि खाली, जमिनीलगत, खरी अक्कल: दांडे एकमेकांना अडवतील अशी खाचांची जोडणी. म्हणजे काय, तर केबिनीशी जोडलेलं फाटक बंद होऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीचा सिग्नल पडणारच नाही. केबिनवाल्यानं कितीही जोर लावला तरी दांडा हलत नाही. याला म्हणतात इंटरलॉकिंग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये ही युक्ती निघाली आणि पुढे आपल्याकडे आली. आता दांड्यांच्या जागी बटणं आणि संगणक आले, नियम तोच: एकाच जागेवरून दोन वाटा जात असतील, तर आधी एक थांबवा, मग दुसरी सोडा.

आता आपल्या गावाकडे येऊ. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आराखडा झाला. सुमारे 235 किलोमीटर, वेग ताशी 200 पर्यंत. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी स्थानकं. या गाडीला फाटक नव्हतंच. इतक्या वेगाच्या मार्गावर रस्ता खालून नाहीतर वरून न्यायचा असतो. पण एक क्रॉसिंग मात्र होतं, डोळ्यांना न दिसणारं. ते खोडदला.

खोडदची जीएमआरटी म्हणजे रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 ॲंटेना. त्यातल्या 14 खोडदजवळ, बाकीच्या 16 तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, कारण इथं डोंगरांचा आडोसा होता आणि रेडिओ गोंगाट कमी होता. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण असतात. विजेवरची गाडी धावताना वरची तार आणि गाडीचा पॅन्टोग्राफ यांच्यात ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्रच. दुर्बिणीला तिचा आवाज फार मोठा.

म्हणून आक्षेप आला. 2025 मध्ये रेल्वेमंत्र्यांनी दुर्बिणीचं कारण देऊन मार्ग बदलण्याचं सांगितलं. नवा विचार अहिल्यानगर-शिर्डीकडून नाशिकचा. आपल्याकडे मग पारावर एकच वाक्य: "दुर्बिणीनं रेल्वे घालवली."

मला हे वाक्य पटत नाही, आणि रागही समजतो. दुर्बिणीमुळे इथं मोठ्या कारखान्यांवर आधीच बंधनं आहेत. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा, आळेफाट्याचा कांदा अजून टेम्पोतच. पोरं रोज चाकणच्या कोंडीत. जगाच्या विज्ञानासाठी शांतता आपण राखली. त्याचा मोबदला कुणी मोजला?

पण केबिनीनं काय शिकवलं? फाटकापाशी भांडण रस्ता आणि रूळ यांचं नसतं. तिथं प्रश्न असतो जोडणीचा. मग आपण मागायचं ते हे: किती अंतरावर, किती गोंगाट होतो, बोगद्यानं किंवा वेगळ्या आखणीनं तो किती कमी होतो, याची मोजमापं मराठीत, गावासमोर ठेवा. मोजून अशक्य निघालं, तर ठीक. पण मग थांबलेल्या वाटेसाठी दुसरी सोय दाखवा. चांगला रस्ता, शेतमालाची वाहतूक, काहीतरी ठोस.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला दुर्बीण लोकांना पाहता येते. यंदा पोरांना घेऊन जा. ॲंटेना पाहा, आणि हा प्रश्नही तिथंच विचारा, आदरानं. फाटक बंद असलं की माणूस थांबतो, मंडळी. पण ते कधी उघडणार, हे विचारायचा हक्क थांबलेल्यालाच असतो.

भेटू पुढच्या भागात. राम राम.