एकट्या हाताची शिडाची होडी

वेसावे, मढ, मनोरी, गोराई या मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील कोळीवाड्यांतून एके काळी मासेमारीच्या होड्या केवळ शिडाच्या बळावर समुद्रात जात असत. स्वातंत्र्योत्तर काळात या होड्यांवर यंत्रे बसली आणि शीड हळूहळू मागे पडले. त्या होड्यांचे त्रिकोणी शीड परवाणाला, म्हणजे डोलकाठीवर तिरप्या टांगलेल्या लांब काठीला, बांधलेले असे. वाऱ्याची बाजू बदलायची झाली की ही अवजड काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागे. कोणी सुकाणूवर, कोणी काठीच्या बुडाशी, कोणी शिडाच्या दोरावर, अशी माणसे ठिकठिकाणी उभी असल्यावाचून हे काम होत नसे. प्रत्येक दोराला त्याचा माणूस होता. एकट्याने शिडाची होडी चालवायची तर हा हिशेब उलट मांडावा लागतो. माणूस एकच, तेव्हा सर्व दोर त्याच्यापर्यंत यावयास हवेत.

मार्व्याच्या किनाऱ्यावरून बारा-चौदा फुटी होडी एकट्याने नेऊ पाहणाऱ्याचा एक हात सुकाणूच्या दांड्यावर आणि दुसरा शिडाच्या दोरावर गुंतलेला असतो. अशा वेळी पुढचे शीड अडकले किंवा मुख्य शीड उतरवावे लागले, तर त्याला जागा सोडून डोलकाठीपर्यंत जावे लागते. त्याचे वजन पुढे सरकताच होडी नाळेवर दबते. सुकाणू मोकळे सुटल्याने ती आपल्या मनाने वळते. शिडाखालची आडवी काठी, जिला बूम म्हणतात, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपाट्याने फिरते. तिचा तडाखा डोक्याला बसून माणूस पाण्यात पडला आणि शिडाचा दोर घट्ट बांधलेला राहिला, तर होडी त्याला मागे टाकून निघून जाऊ शकते. वाऱ्यावर निघालेल्या होडीला पोहून गाठणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बहुधा साधत नाही. दोरांची मांडणी हा म्हणूनच सोयीपुरता प्रश्न नव्हे.

सर्वांत सोपा मार्ग एकाच शिडाचा. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी आखलेली आणि १९७१ च्या सुमारास बाजारात आलेली लेझर ही होडी याचे उत्तम उदाहरण होय. तिची लांबी सुमारे ४.२ मीटर आणि शिडाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. डोलकाठीला ताण देणाऱ्या तारा नाहीत, पुढचे शीड नाही. मोजा चढवावा तसे शीड डोलकाठीवर चढवले जाते. शिडाचा दोर हातातून सुटला की शीड मोकळे फडफडते आणि होडीचा जोर जातो. आता आयएलसीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच प्रकारच्या होडीत विष्णू सरवणन यांनी २०२३ च्या हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत भारतासाठी कांस्यपदक मिळवले.

परंतु हौशी माणसाच्या वाट्याला पुष्कळदा येते ती दोघांसाठी बांधलेली, दोन शिडांची जुनी होडी. पुढचे शीड काढून टाकले की काम निम्म्यावर आले, असा समज होणे साहजिक आहे. तो अर्धाच खरा. पुढचे शीड गेल्यावर वाऱ्याचा सारा दाब मागे सरकतो आणि होडी सतत वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते. सुकाणूचा दांडा ओढून धरता धरता हात भरून येतो. यावर उपाय असा की, तळातून पाण्यात उतरणारी फळी फिरती असेल तर ती थोडी मागे उचलून घ्यावी आणि डोलकाठी किंचित पुढे झुकवावी. पाण्याचा विरोध मागे आणि वाऱ्याचा दाब पुढे आला की तोल पुन्हा जमतो. पुढचे शीड ठेवायचेच असेल, तर ते स्वतःभोवती गुंडाळले जाईल असे फिरते चाक त्याच्या बुडाशी बसवावे. एक दोर ओढला की शीड मिटते, दुसरा ओढला की उघडते, आणि दोन्ही दोर बसल्या जागी येतात.

मुख्य शीड चढवण्याचा दोरही डोलकाठीपाशी न बांधता तिच्या बुडाशी लावलेल्या कप्पीतून मागे आणता येतो. वारा वाढल्यास शीड आखडण्याचे दोर त्याच्या शेजारी असावेत. प्रत्येक दोराचा रंग वेगळा असावा, आणि शक्य तर जाडीही, म्हणजे अंधारात बोटांनाच ओळख पटते. दोर अडकवण्यासाठी दातेरी पकडी मिळतात. किंचित वर झटका दिला की त्यांतून दोर सुटतो. लहान होडीत मुख्य शिडाच्या दोराला कायमची गाठ कधीही मारू नये. वाऱ्याचा अवचित झोत आला तर गाठ सोडण्याइतका वेळ मिळत नाही. (बाजारातील चकचकीत सामान पाहून होडीवर पंधरा कप्प्या बसवणारेही असतात, वाढत्या कप्पीबरोबर घर्षण वाढते आणि मोकळा सुटायला हवा तो दोर नेमका अडतो.)

आता राहिले सुकाणू. दांड्यावर एक जाड रबरी दोर आडवा घेऊन त्याचा एक वेढा दिला, तर पाणी पिण्यापुरता, दोर आवरण्यापुरता हात मोकळा होतो. मोठ्या पल्ल्याला मात्र याहून अधिक काही लागते. १९६० साली इंग्लंडमधील प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत झाली. तिची कल्पना मांडणारे ब्लॉन्डी हॅस्लर हे स्वतः २५ फुटी ‘जेस्टर’ घेऊन उतरले. त्यांनी चिनी धर्तीचे, आडव्या पट्ट्यांचे एकच शीड लावले होते आणि सर्व दोर छपरातील एका गोल झडपेपाशी आणले होते. शीड लहान-मोठे करण्यासाठी त्यांना बाहेर पडावे लागत नसे. वाऱ्याच्या दिशेवर सुकाणू आपोआप फिरवणारे पाते मागे बसवले होते. ४८ दिवसांत ते दुसरे आले. पहिले आलेले फ्रान्सिस चिचेस्टर यांनीही असेच पाते वापरले होते.

महाराष्ट्राला या परंपरेचा अभिमानास्पद परिचय आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेतून गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडून त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, तरीही ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

मार्व्याहून निघणाऱ्याला एवढे दूर जायचे नसते. त्याच्यापुढचा पेच जवळचा आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि होडी सहज बाहेर जाते. दिवस वर आला की तो पडतो. समुद्राकडून येणारा वारा सुरू होईतो शीड लोंबते. याच वेळी ओहोटी असेल तर खाडीचे पाणी होडीला बाहेर ओढते, आणि उधाणाच्या दिवसांत ही ओढ फार असते. शिवाय किनाऱ्याबाहेर मासेमारीची जाळी लावलेली असतात; त्यांत सुकाणू गुंतले तर होडीचे आणि कोळ्याचे, दोघांचेही नुकसान होते. म्हणून एक वल्हे आणि लहान नांगर होडीत असावाच, आणि अंगावर जीवरक्षक जाकीट.

पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा कोळीवाड्यांत जाळी आणि दोर दुरुस्त होतात. होडी एकट्यासाठी सजवण्याचाही तोच काळ. ती वाळूवर उभी करून, मागच्या जागेवर बसून, डोळे मिटून प्रत्येक दोर ओढून पाहावा. ज्या दोरासाठी उठावे लागले, त्याची कप्पी हलवावी. नारळी पौर्णिमेनंतर वारे स्थिरावले की पहिली फेरी भरती चढत असताना, खाडीच्या आत, किनाऱ्यावरून कोणी पाहत असतानाच घ्यावी. त्या फेरीत शीड मुद्दाम दोनदा उतरवून पुन्हा चढवावे आणि एकदा होडी उलटवून सरळही करून पाहावी.