उसण गेली, 'गॅप' आली
(माकणी येथील बैठकीतील भाषण)



बैठक म्हटली की उसाच्या दराची बात व्हायची. आज कंबरेबद्दल बोलतो, कारण तिच्यापायीही घरावर कर्ज होतं.

पूर्वी कंबरेत उसण भरली की लोक पायाळू माणसाची लाथ मारून घेत. खर्च काही नव्हता. बहुतेक उसण काही दिवसांत आपोआप जाते, श्रेय मात्र लाथेला मिळायचं. आता 'मणक्यात गॅप' आली. फोटो काढा, पट्टा बांधा, मग ऑपरेशनची बोली आणि घरात म्हैस विकायची चर्चा.

एम.आर.आय. हे यंत्र मोठंच आहे. दबलेली नस, क्षयानं पोखरलेला मणका त्यात एक्स-रेपेक्षा लवकर दिसतो. पण ते गरजेपेक्षा जास्तही दाखवतं. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे असे फोटो काढले. निम्म्याहून अधिकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. माणूस ठणठणीत अन् फोटो बिघडलेला! म्हणून डॉक्टरनं आधी पाय उचलून पाहावा, ताकद बघावी, बधिरपणा तपासावा. फोटो त्यानंतर.

उपचारही बदलले. पूर्वी आठवडाभर झोपवून ठेवत. आता हिंडतं-फिरतं राहा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावून सांगणं यांवर भर दिला. नेहमीचा पट्टा आणि वजन लावून ताणणं नको म्हटलं. व्यायामाला पैसे पडत नाहीत, म्हणून तो कुणी विकायला येत नाही. ऑपरेशन वाईट नाही. गादीनं नस दाबून पायात कळ जाते, आठवडे लोटले तरी थांबत नाही, तेव्हा त्याचा उपयोग होतो. नुसत्या दुखऱ्या कंबरेला तो उपाय नव्हे.

मायबहिणींनो, खुरपणीला दिवसभर वाकता तुम्ही, मोळी उचलता तुम्ही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. पिशवी गेली तरी मोळी डोक्यावरून जात नाही, कंबर दुखायची ती दुखतेच. कंबरेसाठी कुणी पिशवी काढा म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका.

मात्र काही दुखणी अंगावर काढायची नसतात. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. बारी सोडावी लागली तरी सोडा. पाठदुखीबरोबर ताप येतो, वजन घटतं, रात्री कळ थांबत नाही, तर मणक्याचा क्षय आहे का ते तपासून घ्या. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण महिनोन्महिने घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.