मेणाने लिहिलेलं अंडं

युक्रेनमध्ये ईस्टरचं अंडं ‘लिहिलं’ जातं. ‘पिसांका’ हे नावच लिहिण्याच्या क्रियापदावरून आलं आहे.

बारीक नळीच्या लेखणीने कवचावर वितळलेल्या मेणाच्या रेषा ओढायच्या, अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं. पुन्हा मेण, मग लाल, शेवटी काळा. तंत्र बाटिकचंच, फक्त इथे कापडाऐवजी ठिसूळ कवच! उरतो मेणाने माखलेला काळपट गोळा. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून पुसला, की दडलेले रंग उजळतात. थडग्यातून उठलेल्या ख्रिस्ताची गोष्ट बोटांनाच कळावी, अशी ही कृती.

सूर्य, फांद्या ही नक्षी मात्र ख्रिस्ती धर्माहून जुनी. ख्रिस्ती क्रूस नंतर आला.

सोव्हिएत राजवटीत ही कला दडपली गेली. २००० साली कोलोमिया शहरात तिच्या संग्रहालयाची इमारत उभी राहिली, तीही अंड्याच्या आकाराची. ईस्टरला टोपलीतल्या पावासोबत पिसांका आजही आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात.